ऑर्किडचं ऊन : दिशा, महिना आणि लक्स

पारिजात_ठाणे | ११ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. ठाण्यात सातव्या मजल्यावर दक्षिणमुखी बाल्कनी आहे. तिथे सहा ऑर्किडं : तीन फॅलेनॉप्सिस (फॅल), दोन डेंड्रोबियम, एक वांडा. सगळी कठड्यालगतच्या स्टँडवर, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. पावसाळाभर पानं हिरवीगार होती. गेल्या आठवड्यात दोन फॅलच्या वरच्या पानांवर रुपयाएवढे पांढरट डाग पडले, आता ते मधून तपकिरी होताहेत. डेंड्रोबियमला दोन वर्षांत फुलाची एकच दांडी आली आहे. जिथे विचारावं तिथे 'ब्राइट इनडायरेक्ट लाइट द्या' एवढंच सांगतात. म्हणजे नक्की किती? आणि हे डाग उन्हाचे की बुरशीचे?

सावलीमाप | ११ ऑक्टोबर, रात्री १०.०५

पारिजातताई, आधी डागांचं बघू. पान जिथे कमानीसारखं वाकतं, त्या सगळ्यात उंच भागावर डाग आहे का? खिडकीकडच्या बाजूलाच आहे का? हात लावला तर कोरडा, जरासा खोलगट लागतो का? तिन्हीला 'हो' असेल तर ते ऊन. उन्हाचा डाग आधी पांढरट-पिवळा दिसतो, दोन-तीन दिवसांत तपकिरी किंवा काळा पडतो आणि तिथेच थांबतो.

सड असेल तर डाग पाणीदार, बोट लावलं की मऊ. बहुतेकदा पाणी साचतं त्या गाभ्यापाशी सुरू होते, रोज कड पुढे सरकते आणि वास येतो. खात्री करायची तर डागाच्या कडेने बारीक पेनाने रेघ मारून ठेवा. दोन दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला तर सड, नाही तर ऊन.

उन्हाचा डाग असेल तर पान कापू नका. उरलेला हिरवा भाग काम करत राहतो. फॅलकडे मुळात पाच-सहा पानं, त्यातलं एक कमी करणं फार महागात पडतं.

गच्चीवरची_वेल | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

सावलीमापना अनुमोदन. आणि हे डाग ऑक्टोबरमध्ये पडले यात नवल नाही. आपल्याकडे ऑर्किड भाजायचे दोन मोसम आहेत. एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक असतो, दुसरा ऑक्टोबरचा लक्षात येत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे झाडाला इतका मंद उजेड मिळतो की त्या काळात फुटलेलं पान त्याच उजेडाच्या हिशेबाने तयार होतं. मग आठवडाभरात आभाळ मोकळं होतं आणि त्या कोवळ्या पानावर थेट ऊन पडतं. मार्चमध्ये जे झाड तेवढंच ऊन सहज सोसतं, तेच ऑक्टोबरमध्ये भाजतं.

दुसरं कारण पानाच्या आतलं. फॅल आणि कॅटलिया ही ऑर्किडं पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) रात्री उघडतात, दिवसा मिटून घेतात. त्यामुळे आंबा-पेरूचं पान दुपारी पाणी सोडून जसं थंड राहतं, तसं यांना जमत नाही. पान तापतच जातं. म्हणून दुपारी बाराला पानाला हाताची मागची बाजू लावून बघा. हवेपेक्षा पान स्पष्ट गरम लागलं तर डाग पडायची वाट न बघता कुंडी आत घ्या. वारा खेळता असेल तर तेवढ्याच उन्हात पान वाचतं. बंद काचेमागे वाचत नाही.

सावलीमाप | १२ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

आता 'किती'चं उत्तर. आकडे लक्समध्ये देतो, म्हणजे उजेड मोजायच्या एककात. निरभ्र दुपारी उघड्या गच्चीवर साधारण १,००,००० लक्स असतात. पानाच्या पातळीवर दिवसातल्या चांगल्या उजेडाच्या तासांत हवं ते असं:

फॅलेनॉप्सिस १०,००० ते १५,०००. पॅफिओपेडिलम ८,००० ते १५,०००. कॅटलिया आणि बाजारात मिळणारी सदाहरित डेंड्रोबियम (सोनिया वगैरे) २०,००० ते ४०,०००. ऑन्सिडियम त्याच्याच आसपास. पट्टीसारख्या पानांची वांडा ३०,००० ते ५०,०००. पेन्सिलीसारख्या गोल पानांची वांडा याहून जास्त, तिला जवळजवळ उघडं ऊन चालतं.

म्हणजे ताई, तुमच्या एकाच स्टँडवर १२,००० वाली आणि ४०,००० वाली झाडं शेजारी बसली आहेत. फॅल भाजतंय आणि डेंड्रोबियम उपाशी आहे, दोन्ही एकाच जागेमुळे.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत फूट-कँडल असतात. त्याला १०.७६ ने गुणलं की लक्स. ढोबळ हिशेबाला १० ने गुणा.

मोजायला साधा लक्समीटर घेतलेला बरा. फोनवरचं अॅप चालेल, पण फोन पानाच्या जागी, पडदा आभाळाकडे करून आडवा ठेवायचा आणि आपली सावली पडू द्यायची नाही. काही फोनचा सेन्सर कडक उन्हात एका आकड्यावर अडकून बसतो, तो आकडा खरा धरू नका. अॅपच्या आकड्यात वीस-तीस टक्के चूक गृहीत धरा. आपल्याला १२,००० आणि ४०,००० मधला फरक कळायला हवा, तेवढं त्यातून कळतं.

मीटर नसेल तर हात. उजेड सगळ्यात जास्त असेल तेव्हा पानाच्या वर एक फुटावर पंजा धरा. सावली पडलीच नाही तर फॅललाही उजेड कमी. सावली आहे पण कडा पुसट, बोटं वेगळी ओळखू येत नाहीत, तर फॅलची जागा. बोटं ओळखू येताहेत पण कड मऊ आहे, तिथे डेंड्रोबियम, कॅटलिया. कड रेखीव काळी असेल तर थेट ऊन, तिथे वांडा.

खगोलखिडकी | १२ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

दिशेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. 'पूर्व चांगली, दक्षिण कडक, उत्तर अंधारी' हे सूत्र ४० अंश अक्षांशाच्या वरच्या देशांत बनलेलं आहे. मुंबई-ठाणे १९ अंशांवर आहे. इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस : मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. पुण्यात मेमधला दिवस एक-दोन दिवस आधी, नागपुरात २६ मेच्या सुमारास. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो.

याचा अर्थ काय? दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात दुपारचं थेट ऊन येतच नाही, वरचा स्लॅब ते पूर्ण अडवतो. तीच बाल्कनी डिसेंबरमध्ये सगळ्यात जास्त उन्हाची, कारण तेव्हा दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो आणि ऊन तिरपं आत शिरतं.

पारिजात, तुमच्या स्टँडचा हिशेब करून देते. वरचा स्लॅब जमिनीपासून ९ फूट धरला तर कुंडीपासून तो ६ फूट उंच. भरदुपारी ऊन स्लॅबच्या कडेपासून आत किती येईल?

२२-२३ सप्टेंबरला साधारण २ फूट.
२२ ऑक्टोबरला साडेतीन फूट.
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे साडेचार फूट.
२२ डिसेंबरला साडेपाच फूट.
मग त्याच पायऱ्यांनी मागे, मार्चअखेर पुन्हा २ फुटांच्या आत. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत जवळजवळ काहीच नाही.

सप्टेंबरमध्ये जी फॅल सावलीत होती तिच्यावर ऑक्टोबरात ऊन आपोआप चालून आलं. कुंडी कुणी हलवलीच नाही, सूर्य दक्षिणायनात खाली सरकला.

उत्तरेच्या खिडकीचं याच्या उलट. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो, त्यामुळे मार्चअखेर ते सप्टेंबर उत्तरेच्या खिडकीत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं. एप्रिल-मेमध्ये ते फॅलला छान मानवतं. हिवाळ्यात मात्र तिथे फक्त आभाळाचा उजेड.

सोपा मार्ग : खडू घ्या. दर महिन्याच्या २२ तारखेला सकाळी ९, दुपारी साडेबारा आणि ३ वाजता बाल्कनीच्या फरशीवर उन्हाची कड आखून तारीख लिहा. जूनपासून डिसेंबरपर्यंत आखलं की वर्ष पूर्ण झालं, पुढचे सहा महिने तीच रेघ परतीच्या वाटेवर असते.

तळकोकणी | १२ ऑक्टोबर, रात्री ८.५०

उत्तम लिहिलंत. यात एक भर. दक्षिणेच्या बाल्कनीत हिरवी जाळी छतासारखी आडवी बांधलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. तिचा हिवाळ्यात उपयोग शून्य, कारण ऊन समोरून येतं. जाळी पडद्यासारखी उभी सोडा, वर दांडी घालून, सरकवता येईल अशी. पानांपासून निदान एक फूट अंतर. पान जाळीला टेकलं तर तिथेच भाजतं.

शेडनेटवरचे टक्के सावलीचे असतात, उजेडाचे नाहीत. ५० टक्क्यांची जाळी म्हणजे एक लाखातले पन्नास हजार आत. ७५ म्हणजे पंचवीस हजार. ५० वर ५० टाकली तर शंभर टक्के सावली होत नाही, निम्म्याची निम्मी होते, म्हणजे पंचवीस हजार उरतात. डेंड्रोबियम आणि वांडाला ५०, फॅलला ७५ आणि कडक महिन्यांत तिच्यावर आणखी एक ५० ची. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या जाळीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. भर उन्हात जाळीच्या वर आणि खाली लक्स मोजा आणि खालच्याला वरच्याने भागा. येईल तो आत येणारा उजेड, उरलेली सावली.

७ जूननंतर आभाळ भरलं की जाळी गुंडाळून ठेवा. हे काम जवळजवळ सगळे विसरतात. जुलैच्या भरल्या दुपारी उघड्यावरच कधी दहा-वीस हजार लक्स असतात, गच्च पावसात त्याहूनही खाली. त्यावर ७५ ची जाळी म्हणजे डेंड्रोबियमला चार महिन्यांचा उपास. नवीन कांड्या नेमक्या याच काळात वाढतात. त्या लेच्या, बारीक राहिल्या की पुढे फुलाची दांडी येत नाही. तुमच्या डेंड्रोबियमचं दुखणं बहुधा हेच.

पारिजात_ठाणे | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

डाग कोरडे आहेत आणि रेघेच्या आतच आहेत. म्हणजे ऊनच. जाळी आहे, ७५ ची, आणि ती पावसाळ्यातही तशीच होती. आता डेंड्रोबियम उद्यापासून थेट उन्हात ठेवू का?

गच्चीवरची_वेल | १२ ऑक्टोबर, रात्री ९.५५

नको, एकदम नको! डेंड्रोबियम उन्हाचं असलं तरी सध्याची पानं सावलीत घडलेली आहेत. पहिले पाच-सहा दिवस अर्धा तास सकाळचं ऊन. मग दर पाच-सहा दिवसांनी अर्धा अर्धा तास वाढवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात चार-साडेचार तासांवर या, साडेदहा-अकरापर्यंत. त्यानंतर ५० ची जाळी. नवीन कोंब आत्ता फुटत असतील तर उत्तमच, ते नव्या उन्हातच घडतील.

फॅलला सकाळचं ऊन नऊपर्यंत, जास्तीत जास्त दोन तास.

वऱ्हाडी_बाग | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

वेलताई, फॅलला दोन तास हे ठाण्याला ठीक. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठचं ऊनही चटका देतं. इकडे मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फॅलला थेट ऊन बंद, फक्त उजेड. ४५ अंशांत १२,००० लक्सवरही पान मलूल होतं, तेव्हा आकडा ८,००० वर आणायला हरकत नाही. त्या दोन महिन्यांत वाढ अपेक्षित नाही, झाड टिकवायचं असतं.

पश्चिमेच्या बाजूला दुपारी १ ते ६ वाळ्याचे पडदे ओले करून सोडा. उजेड खूप कमी होतो म्हणून सकाळी ते गुंडाळलेच पाहिजेत. कूलरच्या हवेचा ओलावा झाडांना मानवतो, पण झोत थेट पानांवर नको.

खगोलखिडकी | १३ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

वऱ्हाडी दादा, पटलं. आकडा तापमानाशी जोडूनच वाचायला हवा.

आणखी एक. लक्स हा एका क्षणाचा आकडा आहे. झाड दिवसाची बेरीज खातं. लक्सला तासांनी गुणून दिवसाची बेरीज काढा. फॅलला दिवसाकाठी ८० हजार ते सव्वा लाख लक्स-तास मिळाले तर ते खुशीत असतं. सकाळी २ तास २५,००० आणि नंतरचे ८ तास ५,००० मिळाले तर ५० + ४० = ९० हजार. जमलं. खोलीत १० तास १,५०० मिळाले तर १५ हजार. तिथे झाड वर्षभर जिवंत दिसेल, पान मात्र प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान आणि लोंबतं येईल. आतल्या टेबलावरचं फॅल 'छान हिरवं आहे' म्हणून समाधान मानतात, पण तो गडद हिरवा रंग उपासमारीचा असतो. पुरेसा उजेड मिळालेलं पान किंचित पोपटी आणि ताठ असतं.

सावलीमाप | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

रंगाच्या खुणेत एक अपवाद. पानाच्या कडेला जांभळट-लालसर झाक आली की उजेड वरच्या मर्यादेला टेकला असं समजतात, आणि कॅटलिया-वांडाच्या बाबतीत ते बरोबर आहे. वांडाच्या पानावर बारीक जांभळे ठिपके आले की तिथेच थांबावं. पण गडद जांभळ्या फुलांच्या फॅलची पानं खालून जन्मतःच जांभळी असतात. ती बघून सावलीत नेऊ नका. झाक नवी आहे का, वरून आहे का, उन्हाकडच्या बाजूलाच आहे का, एवढं तपासा.

वांडाची पानं लांब, लोंबती, दोन पानांतलं अंतर वाढलेलं दिसलं तर उजेड कमी. ताई, तुमची वांडा स्टँडवरून काढून ग्रिलला बाहेरच्या बाजूने, उंचावर टांगा.

मराठी_जर्सी | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

न्यू जर्सीतून लिहितो. इकडे ४० अंशांवर २१ डिसेंबरला भरदुपारी सूर्य जेमतेम २६-२७ अंश वर असतो आणि दिवस सव्वानऊ तासांचा. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी फॅल दक्षिणेच्या काचेला, थेट उन्हात, बिनधास्त. एप्रिलमध्ये पूर्वेला. पान थंड काचेला टेकू द्यायचं नाही एवढंच. भारतातून झाडांचे फोटो पाठवून विचारणाऱ्यांना इथला नियम तसाच सांगू नका आणि तिथला इथल्यांना सांगू नका.

काचेबद्दल : साधी स्वच्छ काच दहाएक टक्के उजेड खाते. रंगीत किंवा फिल्म लावलेली काच निम्मा आणि त्याहूनही जास्त. मुंबईच्या नव्या इमारतींत सरकत्या काचा बहुधा गडद असतात. काच सरकवून एकदा आणि बंद करून एकदा मोजा.

पारिजात_ठाणे | १३ ऑक्टोबर, रात्री ८.१५

एक फॅल आतल्या खोलीत ठेवायची इच्छा आहे. तिथे दिवा लावून भागेल का? जांभळा घ्यायचा की पांढरा?

गच्चीवरची_वेल | १३ ऑक्टोबर, रात्री ९.००

पांढरा घ्या, ४००० ते ६५०० केल्विन. झाडाला चालतो आणि पानाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या उजेडात डाग, कीड, पिवळेपणा काहीच ओळखू येत नाही.

बहुतेक जण एकच ट्यूब लावतात आणि ती पुरत नाही. चार फुटी, २० वॅटची, २,००० ल्युमेनची एलईडी बॅटन पानापासून २५ सेंमीवर सुमारे ३,००० लक्स देते. अशा चार बॅटन आठ-दहा सेंमी अंतराने शेजारी शेजारी लावल्या तर मधल्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास. टायमर लावून रोज १२ तास. चार बॅटन म्हणजे ८० वॅट, १२ तासांना रोज एक युनिटच्या जरा खाली. रात्र पूर्ण अंधारी हवी, आणि पर्णरंध्रं रात्री उघडतात म्हणून रात्रीची हवाही खेळती हवी.

तळकोकणी | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

अंगण असलेल्यांसाठी. झाडाची सावली सगळी सारखी नसते. नारळ-सुपारीची सावली हलती, विरळ, डेंड्रोबियमला अगदी योग्य. आंबा, फणस, चिकू यांची दाट आणि बारमाही, त्यांच्या आतल्या बुंध्यावर फॅलसुद्धा उजेडाला तरसते. आंब्यावर बांधायचंच तर पूर्वेकडच्या, बाहेर आलेल्या फांदीवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुंभाने बांधा, पावसात मुळं साल धरतात.

सह्याद्रीतल्या आपल्या आमरींना (रानातल्या ऑर्किडना) पानगळीच्या झाडांची सवय. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास स्वतःची पानं टाकून, उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं काढते. तेव्हा यजमान झाडही निष्पर्ण असतं, म्हणजे ऊन भरपूर, पाणी जवळजवळ नाही. कुणाकडे रोपवाटिकेतून आलेली असेल तर त्या महिन्यांत पानं गळाली म्हणून सावलीत नेऊन पाणी घालत बसू नका, कुजते. आणि जंगलातून कुणी काढून विकत असेल तर घेऊ नका. ती फांदी, ती साल, तो उजेड बाल्कनीत मिळत नाही, ती मरतेच.

सावलीमाप | १४ ऑक्टोबर, दुपारी १.१०

फॅलच्या दांडीचं राहिलं. दिवस २८ अंशांच्या वर राहिले तर फॅल पानंच काढत राहते, दांडीला महिनाभर तरी २५ च्या खालचा गारवा लागतो. ठाण्यात तो डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींनीच काय तो मिळतो. त्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांत, म्हणजे आत्ता, उजेडाची रोजची बेरीज पुरेशी झाली असेल तर गारव्याला झाड प्रतिसाद देतं. त्यामुळे डागांना घाबरून फॅल पार आत नेऊ नका.

दांडी दिसली की कुंडीच्या उजेडाकडच्या बाजूला खूण करा आणि नंतर कुंडी फिरवू नका. दांडी उजेडाकडे झुकत जाते, रोज फिरवली तर कळ्या वेड्यावाकड्या लागतात. जागा एकदम बदलली तर गळतातही. पानं दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसा, खालून हाताचा आधार देऊन. दूध, तेल काही लावायचं नाही.

पारिजात_ठाणे | १५ ऑक्टोबर, दुपारी २.३०

आज साडेबाराला मोजलं. जुन्या जागी जाळीशिवाय ७१,०००, जाळी उभी सोडून १९,०००. स्लॅबच्या कडेपासून चार फूट आत, भिंतीजवळ, ६,५००. वांडा ग्रिलबाहेर टांगली. फॅल कुठे ठेवू, जाळीमागे की भिंतीशी?

खगोलखिडकी | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

७१ चे १९ म्हणजे तुमची जाळी सांगितल्याप्रमाणे ७५ चीच निघाली, ७३ टक्के अडवते. १९,००० हा भरदुपारचा आकडा आहे आणि आत्ताची पानं पावसाळ्यातली, म्हणून सध्या कडेपासून तीन फूट आत, जाळी पूर्ण ओढून. भिंतीशी ६,५०० आज आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन साडेचार फुटांपर्यंत येईल, तेव्हा ती भिंतही उन्हात असेल. २२ ऑक्टोबरची खडूची रेघ विसरू नका आणि दर पंधरा दिवसांनी साडेबाराला पानाशी मीटर धरा. १५,००० च्या वर गेलं तर जाळीवर ५० ची दुसरी ओढा, नवीन पान अर्धं वाढेपर्यंत. डेंड्रोबियमच्या दोन्ही कुंड्या कडेलाच राहू द्या, सकाळी जाळी सरकवून अर्धा तास, आजपासून.